संगमावर वादळ येत नाही

पार्कर्स फोर्क या आमच्या गावात शिरताना पेट्रोलपंपाच्या अलीकडे एक मोठा फलक होता. त्यावर पिसांचा टोप घातलेल्या म्हातारीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'दोन नद्यांच्या मध्ये वारा पाय ठेवत नाही.' ती म्हातारी म्हणजे माझी आजी, असं गावाचं म्हणणं. माझ्या आजीनं उभ्या जन्मात पिसं घातली नाहीत. ती सुती झगा घालायची, डोक्याला रुमाल बांधायची आणि कोंबडी कापली की पिसं उकिरड्यावर टाकायची. ते वाक्यही तिचं नाही. ते माझं आहे, आणि ते परत घेताना माझी काय गत झाली ते सांगते.

मी ओलेटा इम्प्सन. इथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली. गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येकाला मी कॉर्नब्रेड वाढलाय, त्यामुळं कोणाची अक्कल कुठवर जाते हे मला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. आम्ही चॉक्टॉ, अमेरिकेतल्या आदिवासींची एक जमात. गाव बहुतेक गोऱ्यांचं. गावाच्या एका अंगानं रेड लिक नदी जाते, दुसऱ्या अंगानं बफेलो, आणि खालच्या टोकाला दोघी मिळतात. ओक्लाहोमात जिथं जिथं नदी आहे तिथं तिथं एक समजूत आहे, की इथं टॉर्नेडो येत नाही, मूळच्या लोकांनी तसं सांगून ठेवलंय. कुठल्या मूळच्या लोकांनी? कुणाला? कधी? विचारलं की खांदे उडवतात.

आता गंमत अशी की आम्हीच इथले मूळचे नव्हेत. आमच्या खापरपणज्यांना मिसिसिपीतून सैनिकांच्या पहाऱ्यात चालवत आणून इथं टाकलं. वाटेत ज्यांनी आपली पोरं पुरली, त्यांना इथं येऊन वाऱ्याचा अभ्यास करायला कुठली सवड होती? पण हे कोणाला सांगणार? दर वसंतात कोणीतरी येणारच, आवाज खाली आणून विचारणारच, "मिस ओलेटा, तुमच्यातले जुने लोक म्हणायचे ना तसं?" मी म्हणायची, "ताट पुढं कर."

दोन वर्षांपूर्वी मी गावच्या सभेला गेले होते. गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांची तक्रार द्यायची होती. आधीचा विषय वादळात लपायच्या जागेचा होता. शाळेशेजारी चढावर पक्की, काँक्रीटची, सगळं गाव मावेल अशी खोली बांधायची. सरकार बराचसा भार उचलणार होतं. पण त्याच वर्षी फुटबॉलच्या मैदानाला नवे दिवे हवे होते, आणि आमच्याकडं फुटबॉलपुढं देवसुद्धा रांगेत उभा राहतो. नगराध्यक्ष रॉइस स्टॉलकप, चाऱ्याच्या दुकानाचा मालक, खुर्चीत मागं वळला.

"मिस ओलेटा, तुम्ही आलाच आहात तर विचारतो. तुमच्यातले लोक या जागेबद्दल काय सांगायचे?"

गुडघा ठणकत होता. कुत्र्यांचा विषय अजून चार विषय लांब होता. आणि शाळेत तीनतीनदा ग्रेव्ही मागणारा हा रॉइस माझ्याकडं असा बघत होता, की मी आता धुनीच्या धुरातून देववाणी बोलणार. माझी सटकली. मी उठले, डोळे अर्धे मिटले आणि खर्जात म्हणाले,

"माझी पोकनी म्हणायची, वारा पाण्याला भितो. दोन नद्या जिथं हात मिळवतात, तिथं वारा पाय ठेवत नाही."

पोकनी म्हणजे आजी. मला वाटलं, आता कोणीतरी फिस्सकन हसेल, रॉइस लाजेल आणि सभा पुढं सरकेल. कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या एका बाईनं डोळे पुसले. चिटणिसानं वाक्य जसंच्या तसं इतिवृत्तात लिहून घेतलं. पाच विरुद्ध दोन मतांनी दिवे मंजूर झाले.

तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं, की अरे बावळटांनो, मी थट्टा केली. नाही सांगितलं. का ते सांगते, लपवून काय उपयोग? मला मजा वाटली. एकतीस वर्षांत या गावानं मला ग्रेव्हीपलीकडं काही विचारलं नव्हतं. आता पेपरात फोटो आला. हॉटेलात पिकान पाय, म्हणजे सुक्या मेव्याचा गोड पदार्थ, फुकट मिळायला लागला. चर्चमध्ये लोक सरकून जागा द्यायला लागले. ज्या गावाला मी हसत होते, त्या गावाची वाहवा मला गोड लागत होती, म्हणजे बावळटांच्या रांगेत मीही होतेच.

मग लव्हॉन टॅकेट आली. एक्क्याऐंशी वर्षांची विधवा. टेक्सासमध्ये मुलाच्या पक्क्या घरात राहत होती. वादळाची तिला लहानपणापासून दहशत, कारण तिचा भाऊ तिच्या डोळ्यांदेखत गेला होता. पेपरातलं माझं वाक्य तिनं वाचलं आणि अगदी संगमाजवळच्या जमिनीच्या टोकावर, पाण्यापासून शंभर पावलांवर, पत्र्याचा ट्रेलर घेतला. पत्र्याचं घर, खाली चाकं, जमिनीला चार तारांनी बांधलेलं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात केक घेऊन उभी.

"ओलेटा, सत्तर वर्षांत पहिल्यांदा ढग बघून झोपले बघ. देव तुझ्या आजीचं भलं करो."

मी केक घेतला, आणि खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी रॉइसच्या दुकानात गेले. "रॉइस, ते मी थट्टेनं बोलले होते. आजी असलं काही म्हणाली नव्हती."

त्यानं दार लावून घेतलं. "घरच्यांनी दम दिला का तुम्हाला? समजतं मला. तुमच्यात या गोष्टी बाहेर सांगत नाहीत."

"अरे, मी बनवलं ते! बसल्याबसल्या!"

"काळजी करू नका, मिस ओलेटा. मी तुमच्या भावनांचा आदर करतो." आणि त्यानं मला कोंबड्यांच्या दाण्याची एक पिशवी भेट दिली. पुढच्या महिन्यात फलक लागला.

लव्हॉनला सांगायचं मात्र मी टाळत राहिले. उद्या सांगू, थंडी सरली की सांगू. सांगितलं असतं तर ती परत मुलाकडं गेली असती आणि माझं तोंड बघितलं नसतं. एवढ्यासाठी मी एका म्हाताऱ्या बाईला पत्र्याच्या डब्यात राहू दिलं.

मे महिन्यातला मंगळवार. पाच दिवस पाऊस लागला होता. दोन्ही नद्या काठाला टेकल्या होत्या. सकाळपासून टीव्हीवरचा हवामानवाला नकाशा रंगवत बसला होता. पिवळा, लाल, जांभळा, आणि आमच्या जिल्ह्यावर असा एक रंग, की जो आम्ही आधी कधी पाहिलाच नव्हता. एखाद्याला वाटेल, तो रंग बघून लोक पळाले असतील. छे. लोकांनी त्याचे फोटो काढले. हवामानवाला सांगत होता, पूर आला तर उंचावर जा, टॉर्नेडो आला तर जमिनीखाली जा. दोन्ही एकदम आले तर काय करायचं, हे सांगायची वेळ आली तेव्हा तो पाणी प्यायला.

माझ्या अंगणातल्या तळघरात तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी चढलं होतं, आणि लोणच्याच्या बरण्यांच्या फळीवर एक साप मजेत बसला होता. तो त्याच्या जागी शहाणाच. मी विचार केला, शाळेचं स्वयंपाकघर चढावर आहे. तिथली कोल्ड रूम हातभर जाड भिंतींची, लोखंडी दाराची. किल्ली माझ्याकडं. चार-पाच शेजाऱ्यांना फोन केला, तिकडं पोचा म्हणाले, आणि गाडी काढून संगमाकडं निघाले.

पाच वाजता भोंगा सुरू झाला. भोंगा झाला की आत जायचं, हे जगभर समजत असेल. आमच्याकडं भोंगा झाला की बाप्ये बाहेर येतात. ओट्यावर, पिकअपच्या टपावर, हातात बिअरचा डबा घेऊन, मान वर करून उभे. बायका आतून हाका मारतात आणि हे म्हणतात, "थांब गं, बघू तर दे." त्या दिवशीही प्रत्येक ओट्यावर एकेक दीडशहाणा उभा होता. मी हॉर्न वाजवत गेले. दोघातिघांनी मला हात केला. पाहुणीला करतात तसा!

संगमाकडच्या रस्त्यावर पाणी आलं होतं, चाकाच्या अर्ध्यापर्यंत. पश्चिमेला आभाळ हिरवट झालं होतं. लव्हॉन खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होती. टीव्हीचा आवाज तिनं बंद करून टाकला होता.

"मिस लव्हॉन, उठा. गाडीत बसा."

"कशाला गं? ये, बस. बर्फ घातलेला चहा आहे, घे."

"टॉर्नेडो येतोय. पाणीही चढतंय. उठा आधी!"

"येईल आणि वळेल. तूच सांगितलंस ना?"

मी तिच्यापुढं गुडघ्यावर बसले. इतके दिवस जे टाळलं ते एका दमात सांगून टाकलं. "मी खोटं बोलले. आजी काही म्हणाली नव्हती. सभेत थट्टा केली, आणि पुढं मला गोड लागलं म्हणून गप्प राहिले. तुम्ही माझ्या खोट्यापायी इथं राहताय. पाया पडते, चला!"

तिनं माझ्या गालावर हात ठेवला. इतक्या मायेनं, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला गाडीत घालायला म्हणून बोलतेयस हे. घाबरलीयस तू. बस माझ्याजवळ."

बघा. खोटं बोलले ते इतिवृत्तात गेलं, फलकावर गेलं. खरं बोलले ते एका बाईच्याही कानात शिरेना. बाहेर गारा पडायला लागल्या, पत्र्यावर नुसता धडधडाट. मी पुन्हा डोळे अर्धे मिटले.

"बरं. आजीनं पुढचंही सांगितलं होतं. ते आम्ही बाहेर सांगत नाही. दोन्ही नद्या एकदम काठाला लागल्या, की वाऱ्याची भीती जाते. मग तो संगमावरच येतो."

लव्हॉननं शब्दकोडं खाली ठेवलं, पर्स उचलली, चपला घातल्या. "मग आधी बोलायचं नाही का गं!" म्हणाली, आणि माझ्या आधी गाडीत जाऊन बसली.

शेजारच्या ट्रेलरच्या पायऱ्यांवर हॉइट पर्व्हिस उभा होता. वेल्डिंगचं काम करायचा, चाळिशीचा, एकटाच. स्वतःच्या विनोदावर स्वतःच आधी हसायचा. फोन वर धरून तो आभाळाचं चित्रण करत होता. मी खिडकीतून ओरडले, "हॉइट! चल गाडीत!"

"मिस ओलेटा, दोन नद्यांच्या मध्ये आहे मी! तुमच्याच आजीच्या मांडीवर!"

"मी बनवलं होतं ते, मूर्खा!"

लव्हॉननं माझ्यावरून झुकून ओरडून सांगितलं, "दोन्ही नद्या भरल्या की येतो तो! आजीनंच सांगितलंय!"

हॉइट पोट धरून हसला. "एकदा काय ते आजीचं मत ठरवा, मग मला कळवा!" आणि त्यानं बिअरचा डबा उंचावला. त्याच्या जागी मी असते तर मीही हसलेच असते. पाणी दाराला लागलं होतं. मी गाडी वळवली.

कोल्ड रूममध्ये आम्ही अकरा जण होतो. दुधाच्या खोक्यांवर बसलो. कानात दडे बसले, मग दार आतल्या आत धडधडायला लागलं, जणू कोणी लाथा घालतंय. लव्हॉन माझा हात धरून प्रार्थना पुटपुटत होती. सगळं मिळून चार मिनिटं चाललं असेल. दार उघडलं तेव्हा स्वयंपाकघराला छप्पर नव्हतं, आणि माझ्या मोठ्या पातेल्यात पाऊस पडत होता.

संगमावर चार तारा शिल्लक होत्या. लव्हॉनच्या ट्रेलरचा एक पत्राही मिळाला नाही. हॉइट तिसऱ्या दिवशी बफेलोच्या पाण्यात, झाडाच्या फांद्यांत अडकलेला सापडला. बाकी ओट्यावरचे सगळे दीडशहाणे वाचले आणि आठवडाभर एकमेकांना आपापली चित्रणं दाखवत फिरले.

लव्हॉन माझ्याकडं राहायला आली. पहिल्याच संध्याकाळी भांडी पुसता पुसता म्हणाली, "ओलेटा, ते दोन्ही नद्या भरायचं, ते आजीनं खरंच सांगितलं होतं?"

"नाही."

"आणि आधीचं?"

"तेही नाही. तुम्हाला सांगितलं होतं मी. आजी ढग दिसला की सगळ्यांच्या आधी तळघरात पळायची. आम्ही पोरं मागून."

तिनं ताट जागेवर ठेवलं. हॉइटच्या अंत्यविधीला ती माझ्याच गाडीतून आली आणि चर्चमध्ये मला सोडून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

पुढच्या आठवड्यात सभा चर्चच्या हॉलमध्ये भरली, कारण नगरपालिकेचं छप्पर मैदानातल्या नव्या दिव्यांवर जाऊन पडलं होतं. मला वाटलं, आता तरी काँक्रीटची खोली होईल. रॉइसनं कागद वाचला. पहिला ठराव, नवा फलक लावायचा. या वेळी आजीचं पूर्ण वचन, लव्हॉननं कोल्ड रूममध्ये सगळ्यांना ऐकवलेलं, त्यावर द्यायचं, 'मात्र दोन्ही नद्या भरल्यास शाळेच्या कोल्ड रूममध्ये जावे.' हॉलभर माना डोलल्या. अकरा माणसं मावतात त्या खोलीत आठशे लोकांनी जायचं!

मी उठले. या वेळी डोळे उघडे ठेवले, आवाज माझा स्वतःचा ठेवला. "पहिलं वाक्य मी बनवलं. दुसरंही मीच बनवलं. माझ्या आजीनं वाऱ्याबद्दल कधी काही सांगितलं नाही. तुम्ही माझी थट्टा खरी मानलीत, कारण तुम्हाला दिवे हवे होते, आणि मी गप्प बसले, कारण मला तुमचा फुकटचा पिकान पाय हवा होता. हॉइट माझ्या वाक्यामुळं गेला. ते वाक्य मी परत घेते. लिहून घ्या."

हॉइटची आई तिसऱ्या रांगेत बसली होती. काळ्या कपड्यांतली लहानखुरी बाई. दहा दिवस ती खाली बघत होती, आता तिनं मान वर केली आणि माझ्याकडं रोखून पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि मला तो राग हवा होता. कोणीतरी मला दोष देत होतं.

रॉइस घसा साफ करून म्हणाला, "मिस ओलेटा, तुम्ही फार सोसलंय. तुम्हाला इथं कोणी दोष देत नाही." अर्थात नाही. मला दिला तर त्यांनाही वाटून घ्यावा लागला असता. "खोलीचा विषय आपण शरदात घेऊ. भावना शांत झाल्या की."

तेव्हा लव्हॉन उभी राहिली. चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत पोरांना दहा आज्ञा शिकवलेली बाई.

"ही खोटं बोलतेय," ती म्हणाली. "तिच्यातल्या लोकांनी तिला गप्प केलंय. कोल्ड रूममध्ये तिनं मला आजीचं सगळं सांगितलं. वारा एकदा वाट शिकला की विसरत नाही. त्याच वर्षी चढावर पक्कं घर बांधलं नाही, तर पुढच्या खेपेला तो गाव ठेवत नाही. असं आजीचं सांगणं आहे."

ती माझ्याकडं बघत होती. त्या बघण्यात मायाबिया काही नव्हती. जे मोडलंस ते निस्तर, एवढंच होतं.

रॉइसनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "मिस ओलेटा, हे खरं आहे का?"

मी तिसऱ्या रांगेकडं पाहिलं. मी 'नाही' म्हणाले तर हॉइटच्या आईला तिचा मुलगा कुणी मारला ते कळत होतं, आणि गावाला पुढच्या वसंतातही दिवेच मिळत होते. मी 'हो' म्हणाले तर खोली होत होती, आणि हॉइट म्हणजे आजीचं खरं वचन हसण्यावारी नेणारा एक मूर्ख ठरत होता. चिटणीस पेन धरून थांबला होता.

"हो," मी म्हणाले.

सातही हात वर गेले. सभा उठल्यावर हॉइटची आई खुर्च्यांना धरत धरत माझ्यापाशी आली. तिच्या नजरेतला राग गेला होता.

"तुम्ही त्याला सांगायला गेला होतात," ती म्हणाली. "मला उगीच वाटलं, की तुमचीच चूक. लहानपणापासून तो तसाच, मिस ओलेटा. कुणाचं ऐकायचाच नाही."

तिनं माझे आभार मानले. मी तिचा हात धरून मान हलवली.